फुलपाखराची ओळख

वसंत ऋतूत सूर्य वर आला, की बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात फुलपाखरे पंख पसरून ऊन खाऊ लागतात. अंग तापल्याशिवाय त्यांना उडता येत नाही. निरीक्षकाला हीच वेळ सोयीची. जाळे मात्र त्याने घरीच ठेवावे. पकडल्यावाचून फुलपाखरू ओळखता येत नाही, हा समज खरा नव्हे.

रुईच्या झुडपाभोवती बिबळ्या कडवा हे नारिंगी फुलपाखरू दिसते. त्याची अळी रुईची विषारी पाने खाऊन वाढते. ते विष फुलपाखराच्या अंगी उतरते. म्हणून पक्षी त्याच्या वाटेस जात नाहीत. चांदव्याच्या एका जातीची मादी हुबेहूब तोच वेष धारण करते. ती विषारी नसते, तरी पक्षी फसतात आणि माणूसही फसतो. परंतु कडव्याच्या मागील पंखाच्या मध्याजवळ तीन-चार काळे ठिपके असतात. त्या मादीच्या पंखावर वरच्या कडेशी एकच असतो. हा भेद मुठीत चुरगळलेल्या पंखांवर दिसत नाही. झुडपाजवळ निश्चल उभे राहणाऱ्यास दिसतो.

रुई नसती, तर कडवाही दिसला नसता. फुलपाखराची खरी ओळख पानापाशी होते. महाराष्ट्राने २०१५ साली नीलवंत हे राज्य फुलपाखरू ठरविले. त्याची अळी लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढते. अंगणातील लिंबावरची अळी चिरडावयाची आणि नीलवंताचे कौतुक करावयाचे, हे न्यायाचे नव्हे. चार पाने गेल्याने लिंबाचे झाड मरत नाही. अळी मेली, तर फुलपाखरू जन्मासच येत नाही.