पाळण्याशेजारची वही

स्मरणिकेसाठी दरवर्षी माझ्याकडून लेख अपेक्षित असतो तो लसीकरण, जुलाब किंवा बालदमा या विषयांवर. यंदा संपादकांची क्षमा मागून थोडी वाट बदलतो. विषय बालसंगोपनाचाच आहे. मात्र या वेळी काळजी बाळाची नाही.

मागच्या पावसाळ्यात पेडण्याकडची एक तरुणी दीड महिन्याच्या मुलाला लस टोचून घेण्यासाठी आली होती. बाळाचे वजन उत्तम वाढत होते, अंगावरचे दूधही पुरेसे होते. कार्ड भरून झाल्यावर मी सवयीने विचारले, "आणि तू कशी आहेस?" तिने क्षणभर बाळाकडे पाहिले आणि म्हणाली, "दोतोर, बरोवपाक वेळूच मेळना." लग्नापूर्वी तिच्या कथा एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत येत असत, हे मला त्या दिवशी कळले. नवरा मोपाच्या विमानतळावर शिफ्टमध्ये कामाला, सासू अंथरुणाला खिळलेली. मी तिला म्हणालो, "मूल जरा मोठे होऊ दे, मग लिही." ती हसून निघून गेली. हे उत्तर मी कोणत्या वैद्यकीय ज्ञानाच्या आधारे दिले, याचा विचार करू लागलो तेव्हा मला ओशाळल्यासारखे झाले.

अशा वेळी आपण इंदिरा संत यांचे नाव घेतो. बेळगाव आपल्याला परके नाही. चोर्ला घाट चढला की आलेच. १९४६ साली पती ना. मा. संत यांचे निधन झाले तेव्हा इंदिराबाईंच्या पदरी तीन मुले होती. पुढे लंपनच्या कथांनी प्रसिद्ध झालेले प्रकाश तेव्हा नऊएक वर्षांचे होते. अध्यापनाची नोकरी, घर आणि मुले सांभाळत त्यांनी १९५१ मध्ये 'शेला', १९५५ मध्ये 'मेंदी' आणि १९५७ मध्ये 'मृगजळ' हे संग्रह दिले. आपण नतमस्तक होतो ते योग्यच आहे. परंतु नकळत प्रत्येक आईपुढे आपण एक माप ठेवतो : त्यांना जमले, मग तुला का नाही? अपवादात्मक रुग्णावरून औषधाची मात्रा ठरवायची नसते, हे आपल्या व्यवसायात पहिल्या वर्षीच शिकवतात.

मला स्वतःला बहिणाबाई चौधरींचे उदाहरण अधिक बोलके वाटते. तरुणपणीच वैधव्य, तीन मुले, त्यांतील एकाला प्लेगमुळे आलेले अपंगत्व, आणि स्वतःला अक्षरओळख नाही. गाणी सुचत ती जात्यावर आणि शेतात. पुत्र सोपानदेव आणि घरातील एक नातलग यांनी ती कागदावर उतरवली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले. प्रतिभा त्यांचीच, परंतु कुणीतरी वही घेऊन शेजारी बसले, म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली. आपल्या पेडणे-डिचोलीच्या मांडांवर पौषातल्या रात्री धालो रंगतात. घरची कामे उरकून, लेकरू मांडीवर किंवा कोपऱ्यात निजवून बायका फेर धरीत आल्या आहेत. त्या ओळी प्रथम कुणी रचल्या, त्यांची नावे आपल्याजवळ नाहीत. त्यांना सोपानदेव मिळाला नाही.

आता घरचे सांगतो. १९९९ साली आम्हाला मुलगी झाली. मी डिचोलीत नुकताच दवाखाना थाटला होता आणि रात्री खोलीचे दार लोटून आरोग्यविषयक लेख लिहीत असे. लेखक-डॉक्टर म्हणून थोडेफार नाव झाले ते त्याच काळात. पत्नी विद्यार्थिदशेत कविता करीत असे, हे मला ठाऊक होते. ती कविता कधी थांबली, हे मात्र ठाऊक नव्हते. गेल्या चवथीच्या साफसफाईत तिची वही हाती लागली. पहिली काही पाने कवितांची. शेवटची कविता मुलगी सात महिन्यांची असतानाची, तीही अर्धी. पुढच्या पानावर ताप किती वाजता किती होता, पॅरासिटामॉल केव्हा दिले, दूधवाल्याचा हिशेब. आणि त्यानंतर ओळीने माझ्या लेखांच्या स्वच्छ प्रती, तिच्या सुवाच्य अक्षरात. माझे हस्ताक्षर डॉक्टराचे. संपादकांना लागत नसे. म्हणजे आमच्या घरी सोपानदेव होता. तो माझ्या वाट्याला आला होता.

बालरोगतज्ज्ञ म्हणून जे मला सांगायला हवे होते ते असे. नवजात बाळ दिवसाकाठी चौदा ते सतरा तास झोपते. परंतु ती झोप तुकड्यातुकड्यांची असते, आणि आईच्या वाट्याला येणारा वेळही तसाच. शिवाय त्या तुकड्यांतच तिने स्वतः झोपायचे असते. 'बाळ झोपले की लिही' असे सांगणारे हे विसरतात. सुरुवातीच्या महिन्यांत कादंबरीची अपेक्षा नको. चार ओळी, एखादे टिपण पुरे. हल्ली भ्रमणध्वनीवर नुसते बोलले तरी मराठी अक्षरे उमटतात, ही सोय जात्यावरच्या ओवीला साजेशी आहे. दूध पाजताना मात्र तो बाजूला असलेला बरा, कारण तान्ह्या बाळाला वीसतीस सेंटिमीटरवरचेच नीट दिसते आणि नेमका तेवढ्याच अंतरावर आईचा चेहरा असतो. रांगत्या मुलाच्या हाती पडदा देऊन मिळवलेल्या तासाचीही मी शिफारस करणार नाही. तो तास घरातल्या दुसऱ्या माणसाने द्यावयाचा आहे. बापाच्या किंवा आजोबांच्या खांद्यावर तासभर राहिल्याने मुलाचे काही बिघडल्याचे मी इतक्या वर्षांच्या व्यवसायात पाहिलेले नाही. आणि एखादी आई दोन आठवडे उलटूनही सतत रडवेली असेल, तिचे कशातच मन लागत नसेल, तर तिला वही नव्हे, उपचार हवेत. तो फरक ओळखणे आपले काम आहे.

२०१७ च्या दुरुस्तीने पगारी प्रसूती रजा सव्वीस आठवड्यांची झाली. घरी बसून लिहिणारीला कसली रजा? ती घरच्यांनीच द्यायची.

सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना बाळे आपल्याकडे येतातच. वजन, दूध, शी-शू विचारून झाल्यावर आईला आणखी एक प्रश्न विचारता येईल : पूर्वी काय करीत होतीस? आणि सोबत आलेल्या पुरुषाला दुसरा : आठवड्यातला कोणता तास तुझा? पेडण्याची ती तरुणी चौदाव्या आठवड्याला आली तेव्हा नवरा बरोबर होता. मी त्याला विचारले. त्याने शिफ्टचे वेळापत्रक काढून बुधवारची सकाळ दाखवली. ती पाळली जाते की नाही, हे नवव्या महिन्याच्या लसीला कळेल.

आपल्या वार्षिक मेळाव्यात काव्यवाचन असते आणि तान्ही मुले असलेल्या भगिनी ते मागच्या व्हरांड्यातून ऐकतात. यंदा शेजारची खोली मुलांसाठी ठेवावी, अशी मी कार्यकारिणीला विनंती केली आहे. तिथे पहिला तास मी बसेन. वाचणाऱ्यांच्या यादीत एक नाव सुचवले आहे. तिला अजून विचारलेले नाही.