बिऱ्हाड हलवण्याआधी

ईदनंतर भिवंडीत निजामपुऱ्यातल्या एका ओळखीच्या घरी आम्ही भेटायला गेलो होतो. शीरखुर्मा यायच्या आधीच घरमालकांनी एक वहीचा कागद पुढे केला. मधोमध उभी रेघ, एका बाजूला ‘भिवंडी’, दुसऱ्या बाजूला ‘बेंगळुरू’. थोरला मुलगा चार वर्षांपासून तिकडे नोकरीला आहे. सुनेला सहावा महिना लागलाय आणि तिच्याजवळ बाईमाणूस कुणी नाही. इकडे लूम निम्म्याहून कमी चालतात. दादींच्या गुडघ्यांना तीन जिने झेपत नाहीत. हे सगळं बेंगळुरूच्या रकान्यात नीट लिहिलेलं होतं आणि सगळ्यात खाली एकच शब्द होता, ‘हवा’. दादींना वाटलं, बेंगळुरूच्या थंड हवेबद्दल असेल. त्या म्हणाल्या, “मला थंडी सोसत नाही.” सगळे हसले, पण घरमालक हसले नाहीत. त्यांना म्हणायचं होतं ते निराळं होतं.

ही हवा कोणती, ते आपल्या वाचकांना सांगायला नको. 31 जुलै 2023 ला जयपूर–मुंबई गाडीत पालघरजवळ रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाने आपल्या वरिष्ठाला आणि तीन मुसलमान प्रवाशांना गोळ्या घातल्या. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये धुळ्याहून मुंबईला येणाऱ्या गाडीत एका वृद्धाला मांस नेल्याच्या संशयावरून मारहाण झाली. तेव्हापासून या घरात एक नियम झाला आहे : गाडीत डबा उघडायचा नाही. मुलगी कॉलेजला निघाली की आई दारात उभी राहून दुवा वाचते. ती आधीही वाचायची, पण आता मुलगी वळणाआड होईपर्यंत दारातच थांबते. अशा घराला ‘घाबरता कशाला’ असं म्हणणं सोपं आहे. आम्ही म्हटलं नाही.

पण आम्ही त्यांना एक विनंती केली. या कागदावर आणखी एक रेघ मारा, या वेळी आडवी. वर कुटुंबाची गरज लिहा, खाली हवा लिहा आणि दोन्हींचा हिशेब वेगळा करा. कारण बरेचदा असं होतं की मनात भीती असते आणि तोंडाने आपण सुनेचं बाळंतपण सांगतो. कधी उलटही होतं. लूमचं कर्ज झालेलं असतं, ते सांगायची लाज वाटते, मग हवेवर ढकलतो. दोन कारणं एकत्र मिसळली की घाई होते, आणि घाईत घर विकलं जातं.

भिवंडीला बिऱ्हाड हलवणं नवीन नाही. इथला मोमीन समाज मुळात दुसऱ्या राज्यातूनच आलेला. 1857 च्या उठावानंतर बनारस, आझमगढ, मऊकडचे विणकर इंग्रजांच्या सूडापासून आणि बुडालेल्या धंद्यापासून निघाले आणि मालेगाव, मुंबई, भिवंडीत माग लावून बसले. या घराचे पणजोबा त्यांच्यातलेच. म्हणजे राजकीय हवा आणि पोटाची गरज, हीच दोन कारणं तेव्हाही होती. आज घरात उर्दू, गल्लीत कोकणी आणि शाळेत मराठी बोलणारी ही चौथी पिढी त्याच कारणांसाठी पुन्हा दक्षिणेकडे बघते आहे.

पण भिवंडीने दुसरंही काही पाहिलं आहे. 7 मे 1970 ला शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर इथे दंगल पेटली, त्यावर न्यायमूर्ती मादन आयोग बसला. मे 1984 मध्ये पुन्हा तेच झालं. दोन्ही वेळेला अनेक घरांनी गाव सोडलं, आणि त्यांना नावं ठेवायचा हक्क आपल्याला नाही. पण 1984 ला जे कायमचे गेले त्यांना 1992 ची भिवंडी बघायला मिळाली नाही. मुंबई जळत होती आणि भिवंडी शांत राहिली. त्याआधी चार वर्षं पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी गल्लोगल्ली मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या होत्या. दोन्ही समाजांची साधी माणसं, दुकानदार, लूमवाले, शिक्षक हवालदाराबरोबर एका सतरंजीवर बसत होते. ज्या गावाचं नाव दंगलीशी जोडलं गेलं होतं, त्याच गावाकडे आणि शेजारच्या मुंब्र्याकडे मुंबईची घाबरलेली कुटुंबं बोचकी घेऊन आली.

आता बेंगळुरूची हवा पाहू. तीही एकसारखी राहिलेली नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये तिथल्या सरकारच्या आदेशाने कॉलेजांत मुलींचा हिजाब अडला, मार्चमध्ये उच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांत मतभेद झाला. मार्च 2023 मध्ये मुसलमानांचं चार टक्के आरक्षण काढण्याचा निर्णय झाला आणि तो न्यायालयात अडकला. मे महिन्यात सरकारच बदललं. म्हणजे 2021 मध्ये ‘तिकडे बरं आहे’ म्हणून गेलेल्या घराला वर्षभरात मुलीसाठी दुसरं कॉलेज शोधायची वेळ आली असती, आणि 2022 मध्ये ‘तिकडे नको’ म्हणणाऱ्याचा अंदाज पुढच्याच वर्षी चुकला असता. हवा पाच वर्षांनी फिरते. सुनेचं बाळंतपण मात्र तीन महिन्यांवर आहे.

म्हणून आम्ही वरच्या रकान्याकडे वळलो. तिथे खरी अडचण निघाली ती धाकट्या मुलीची, जिच्याबद्दल कागदावर एक ओळही नव्हती. ती अकरावी सायन्सला आहे, नीटची तयारी करते. महाराष्ट्रात सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या राज्याच्या 85 टक्के जागांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पास असावी लागते. कर्नाटकच्या जागांसाठी साधारणपणे पहिली ते बारावीपैकी सात वर्षं तिथे शिकलेलं असावं लागतं. अकरावीनंतर तिला उचलून नेलं तर ती इथलीही राहत नाही आणि तिथलीही होत नाही. उरतात त्या देशपातळीवरच्या 15 टक्के जागा, नाहीतर खाजगी कॉलेजची फी. बापाला हे माहीत नव्हतं. मुलीला माहीत होतं. “मग बोलली का नाहीस?” तर म्हणाली, “भाभीचा प्रश्न होता ना.” घरातल्या मुली अशा गप्प बसतात आणि आपण त्याला समजूतदारपणा म्हणतो.

जातीच्या दाखल्याचंही तसंच. महाराष्ट्रात ओबीसी दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. या घरात दादांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि जुनी घरपट्टीची पावती आहे, म्हणून मुलांचे दाखले झाले. राज्य सोडलं की तिथल्या राज्य सरकारच्या सवलतींसाठी हा दाखला चालत नाही. आणि जन्माला येणाऱ्या नातवाला कधी परत यावंसं वाटलं तर याच कागदांची गरज पडेल. तेव्हा मूळ कागद ट्रकमध्ये सामानाबरोबर टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. रेशनवरचं धान्य आता दुसऱ्या राज्यातही मिळतं, मतदार यादीतलं नाव फॉर्म 8 भरून हलवता येतं. पण दादींच्या उपचारासाठी ज्या महात्मा फुले योजनेचा आधार धरला होता ती महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. गुडघ्याचं काही करायचंच असेल तर जाण्याआधी इथे विचारून घ्या.

राहिलं घर. एका दलालाने आधीच भाव सांगितला होता, बाजारभावाच्या खूप खाली, वर ‘आत्ता द्या, पुढे एवढेही येणार नाहीत’ असा सल्ला. हे ऐकून आम्हाला 1920 आठवलं. खिलाफतीच्या दिवसांत हिजरतीची हाक उठली आणि सरहद्द, सिंधकडची हजारो कुटुंबं जमीनजुमला मिळेल त्या किमतीला फुंकून अफगाणिस्तानकडे निघाली. ऑगस्टमध्ये अफगाण सरकारने दार लावून घेतलं. बरेच जण परत आले, तेव्हा शेत दुसऱ्याच्या नावावर होतं. हिजरत हा आपल्याकडे फार मोठा शब्द आहे. मक्केत छळ झाला तेव्हा पहिल्या मुसलमानांना हबशाच्या ख्रिस्ती राजाने आसरा दिला, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण दलालाच्या तोंडी तो शब्द आला की पाकीट सांभाळावं.

आम्ही उठेपर्यंत मगरीब झाली होती. ठरलं ते असं : अम्मी आणि दादी पुढच्या महिन्यात कल्याणहून उद्यान एक्सप्रेसने जातील, बाळंतपण होईपर्यंत राहतील. मुलगी बारावी होईस्तोवर इथेच, फूफीच्या घरी. अब्बा लूम बंद करून देणी फेडतील. घर विकायचं नाही, वर्षभर भाड्याने द्यायचं. त्यानंतर पुन्हा बसायचं आणि तेव्हा कागदावर मुलीचंही नाव असेल. ‘हवा’ हा शब्द त्यांनी खोडला नाही, आम्हीही खोडा म्हटलं नाही.

आपल्या वाचकांत 1970 किंवा 1984 नंतर भिवंडी सोडलेली घरं असतील, आणि परत आलेलीही. मुंब्र्यात, हैदराबादेत, बेंगळुरूत स्थिरावलेले असतील. तुम्ही काय सोबत नेलं, काय मागे राहिलं, आणि आज कोणता कागद नसल्याचा पस्तावा होतो, ते आम्हाला लिहा. घरातल्या बायकांनी लिहिलं तर जास्त बरं, कारण सामान त्यांनीच बांधलेलं असतं.