रोजावरच्या सिस्टरचे शिक्षण कोणाच्या खर्चाने?

बेळगावात खासगी दवाखाने वाढले, खाटा वाढल्या, पण कायम नेमणुकीच्या परिचारिका त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. उरलेली गरज रोजावरच्या सिस्टर भागवतात. फोन आला की ड्युटी, ड्युटी झाली की त्या दिवसाचे पैसे. यांत आपल्या घरच्या मुली पुष्कळ आहेत. कोणी इथेच शिकली, कोणी मिरज-कोल्हापूरला शिकून परत आली. त्यांच्या एका प्रश्नाकडे समाजाचे आणि लोकप्रतिनिधींचे लक्ष वेधणे आम्हाला आवश्यक वाटते.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार नोंदणीचे नूतनीकरण दर ५ वर्षांनी होते आणि त्यासाठी ५ वर्षांत १५० तासांचे निरंतर शिक्षण अपेक्षित असते. राज्याराज्यांत अंमलबजावणी कमीअधिक कडक असेल, पण दिशा ठरलेली आहे. हा नियम चुकीचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. उलट तो रुग्णाच्या हिताचा आहे. एकच उदाहरण पाहा. हृदय बंद पडलेल्या माणसाला आधी श्वास द्यायचा, मग छाती दाबायची, असे पूर्वी शिकवले जाई. २०१० साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने हा क्रम बदलला आणि छातीवरील दाब आधी आला. त्यापूर्वी शिकलेल्या सिस्टरला हा बदल कोणीतरी शिकवायलाच हवा. खाटेवर उद्या आपल्यापैकीच कोणीतरी असणार आहे.

प्रश्न आहे तो खर्चाचा. १५० तास म्हणजे वर्षाला ३० तास. दिवसाला सहा तास धरले तर वर्षाचे पाच दिवस. कायम नोकरीतील परिचारिकेला निदान रजा मागता येते. चांगले रुग्णालय तिला परिषदेला किंवा कार्यशाळेला पाठवते, शुल्कही भरते. रोजावरच्या सिस्टरला रजा कोणाकडे मागायची? तिचे पाच दिवसांचे पैसे बुडतात, वर प्रवेश शुल्क आणि प्रवास खिशातून. कार्यक्रम बेंगळुरूला असेल तर जाता-येता हजार किलोमीटर होतात. ज्या सिस्टरला वॉर्डातील वरिष्ठांचा कायम सहवास नाही, तिलाच परिषदेतून आणि कार्यशाळेतून सर्वाधिक मिळण्यासारखे असते, आणि नेमकी तीच तिथे पोहोचत नाही.

रुग्णालयांचे म्हणणे आम्ही ऐकले आहे. आज आपल्याकडे असलेली सिस्टर उद्या दुसऱ्याच्या दारात जाणार, तिच्या शिक्षणावर आपण पैसे का घालावेत? एका रुग्णालयापुरते हे बरोबर आहे. पण सर्वच रुग्णालये असे म्हणत असतील, तर तिच्या ज्ञानाचा फायदा सर्व घेतात आणि खर्च एकटी ती करते. म्हणून तोड सामाईक निधीचीच निघू शकते.

अशी तोड या देशात नवी नाही. बांधकाम मजूरही आज या इमारतीवर, उद्या त्या इमारतीवर असतो. त्याच्यासाठी १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चावर उपकर बसवला आणि कल्याण मंडळे उभी राहिली. कर्नाटकाने २०२५ मध्ये ॲपवरून काम करणाऱ्या गिग कामगारांसाठी कायदा केला आणि कंपन्यांवर १ ते ५ टक्के कल्याण शुल्काची तरतूद केली. मग रुग्णालयाने थेट फोन करून बोलावलेल्या सिस्टरनेच बाहेर का राहावे? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांना किमान २०,००० रुपये मासिक वेतनाची शिफारस केली. पण ती भाषा महिन्याच्या पगाराची. रोजावर काम करणारीला तिचा आधार मिळत नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. रोजावरच्या प्रत्येक ड्युटीमागे रुग्णालयाने ठराविक रक्कम शिक्षण निधीत भरावी. या निधीतून शुल्काबरोबर बुडालेल्या दिवसांची भरपाईही मिळावी. मान्यताप्राप्त कार्यक्रम जिल्ह्याच्या ठिकाणी व्हावेत. आणि सीमाभागाचा विचार करून, महाराष्ट्रात पूर्ण केलेले तास कर्नाटकात आणि इथले तिथे बिनतक्रार धरले जावेत. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, यावर उत्तर विचारावे.

सरकार करील तेव्हा करील. तोवर आपण हात बांधून बसू नये. समाजातील मंडळे दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार करतात. ते जरूर करावेत. पण हारतुऱ्यांतून वाचवलेल्या पैशांत काही सिस्टरांचे वर्षाचे शुल्क भागेल. आपली सभागृहे आठवडाभर रिकामी असतात. परिषदेची रीतसर मान्यता घेऊन तिथे कार्यशाळा भरवता येईल. समाजात डॉक्टर आणि निवृत्त मेट्रन आहेत, त्यांनी शिकवावे. आजारपणात रात्रभर आपल्या उशाशी जागणाऱ्या मुलीचे हे देणे आहे, उपकार नव्हे. येत्या सर्वसाधारण सभेत प्रत्येक मंडळाने याबाबत ठराव करावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.