मातीचा शेवट आधी ठरवा

इंदूरचा बडा गणपती पंचवीस फूट उंच आहे. पंडित नारायण दाधीच यांनी तो घडवून घेतला. विटा, चुना, गूळ, मेथीदाणे, सात मोक्षपुऱ्यांची माती आणि गोठा, पागा, हत्तीखाना इथली माती त्यात कालवली, असे परंपरा सांगते. मूर्ती कायमची, म्हणून तिची निगाही कायमची. वर्षातून चारदा तूप-शेंदराचा चोला चढतो आणि एकेका चोल्याला कित्येक दिवस लागतात.

इंदूरच्याच होळकरांच्या मुलखात मातीची अगदी उलटी रीतही नांदली. महेश्वरला अहिल्याबाईंच्या काळापासून (१७६७–१७९५) लिंगार्चन चालते. रोज हजारो पार्थिव लिंगे वळायची, पुजायची आणि नर्मदेत सोडायची. दोन शतकांहून अधिक काळ चाललेल्या या पूजेतले एकही लिंग कुठल्या संग्रहालयात सापडणार नाही. कच्ची माती पाण्यात मिसळावी, हाच तर विधी.

झाबुआ-अलीराजपूरकडे तिसरी तऱ्हा दिसते. भिल्ल नवस फेडायला देवाच्या थानी भाजक्या मातीचे घोडे वाहतात. वाहिलेला घोडा कुणी घरी नेत नाही. ऊनपावसात तो तिथेच झिजतो.

प्राचीन ग्रीकांची रीत याच्याच जवळची. करिंथच्या डोंगरउतारावर डिमीटर देवी आणि तिच्या लेकीच्या देवस्थानात २०,०००हून अधिक मृण्मूर्ती आणि त्यांचे तुकडे मिळाले. साच्यातून निघणारी मूर्ती स्वस्त पडे, त्यामुळे संगमरवर न परवडणाऱ्यालाही देवापुढे काही ठेवता येई. वाहिलेली वस्तू देवाच्या मालकीची, म्हणून ती आवाराबाहेर जात नसे. जागा भरली की जुन्या मूर्ती आवारातच खड्ड्यात पुरत. रोमनांनी इ.स.पू. १४६मध्ये करिंथ उद्ध्वस्त केले, पण पुरलेली भाजकी माती उरली.

इतिहासकार त्या खड्ड्यांवरून ग्रीक बायाबापड्यांची श्रद्धा वाचतात. महेश्वरच्या श्रद्धेने मागे असा ढीग ठेवला नाही, म्हणून ती उणी ठरत नाही. मुद्दा शेवटाचा आहे. विरायचे, झिजायचे, पुरायचे की जपायचे, हे या चारही ठिकाणी माती हातात घेतानाच ठरलेले असे आणि पदार्थही त्याला साजेसा निवडला जाई.

प्लास्टरच्या गणपतीने हे नाते तोडले. घडवतानाच जिचे विसर्जन ठरलेले आहे, ती मूर्ती पाण्यात सहजी न विरघळणाऱ्या पदार्थाची होऊ लागली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२०मध्ये अशा मूर्तींबाबतच्या मार्गदर्शक सूचना कडक केल्या. वाद मात्र धर्म विरुद्ध पर्यावरण असाच रंगतो. खरे तर विरण्याची आणि जपण्याची, या दोन्ही जुन्या वाटा आजही मोकळ्या आहेत. बुडवायचा असेल तर शाडूचा, आटोपशीर गणपती बसवावा. भव्यच हवा असेल तर पुण्यातल्या काही जुन्या मंडळांसारखी कायमची मूर्ती ठेवावी आणि विसर्जनाला लहान मूर्ती न्यावी. बड्या गणपतीइतकी उंची हवी असणाऱ्या मंडळांनी त्याच्या चोल्याचा खर्च आणि कष्टही पत्करावेत.