मोठा पडदा व लहान संगणक

एका लोहाराकडे दोन गिऱ्हाइकें एकाच वेळीं आलीं. एकास कढई हवी होती, दुसऱ्यास सुई. लोहारानें आधीं सुई करून दिली आणि मग कढईस हात घातला. ह्यासच आपल्याकडे सूचीकटाहन्याय म्हणतात. हा न्याय आम्हीं आयुष्यभर शाळेंत मुलांना शिकविला. परंतु तो स्वतःच्या घरांत लावण्याचें शहाणपण आम्हांस साठी उलटल्यावर आलें.

आमचे वडीलबंधु, ज्यांस घरांत सर्वजण दादा म्हणतात, हल्लीं विराटपर्व वाचीत आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं हातीं घेऊन १९६६ सालीं पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचीं पानें त्यांनीं संगणकावर घेतलीं आहेत. कीचकाचा वध आपल्या जिल्ह्यांतील चिखलदऱ्यास झाला अशी वऱ्हाडांत समजूत असल्यामुळें ह्या पर्वावर त्यांचा विशेष लोभ. पण ह्या आवृत्तीचें खरें धन पानाच्या तळाशीं, बारीक टाइपांतील पाठभेदांत आहे. जुन्या पडद्यावर तेथील अनुस्वार पुसट होत, आणि अक्षर 'द्व' कीं 'द्ध' हें भिंगानेंहि उमगत नसे. दादांची दृष्टि दिवसेंदिवस मंद होत आहे. वाचन आज झालें तर झालें, अशी स्थिति.

म्हणून दादांच्या नातवानें आग्रह धरला, दादांनीं निवृत्तिवेतनांतून पैसे काढले, आणि राजापेठेंतील आमच्या घरीं सत्तावीस इंची 'फोर-के' पडदा आला. संगणक मात्र पूर्वीचाच, पंचपाळ्याएवढा लहान. कपाटांतील जुन्या दूरदर्शनसंचाची केबल काढून दोघांची गांठ घातली. पडदा उजळला, पुनः काळा झाला, पुनः उजळला. गति कमी केल्यावर चित्र स्थिरावलें, तर माउसचा बाण लंगडत चालूं लागला आणि अक्षरें मुंगीएवढीं झालीं. वहिनी म्हणाल्या, "पडदाच खोटा निघाला. मुदत आहे तोंवर परत करून टाका." आम्हींहि त्या पोराला चार कठोर शब्द ऐकविले. दादा कांहींच बोलले नाहींत. त्यांनीं पुनः भिंग हातीं घेतलें. तें पाहून मात्र आम्हांस आमच्याच बोलण्याची लाज वाटली.

मुलानें कागद घेऊन हिशेब मांडला, तो वाचकांसहि उपयोगीं पडेल. साध्या 'फुल एचडी' पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात. फोर-केवर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४००, बरोबर चौपट. प्रत्येक बिंदूच्या रंगास २४ बिट लागतात, आणि चित्र सेकंदास ६० वेळां नवें काढावें लागतें. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारें १,१९४ कोटी बिट होतात. 'एचडीएमआय' जोडणीच्या २००९ सालच्या १.४ ह्या आवृत्तीची कमाल मर्यादा १,०२० कोटींची. २०१३ सालच्या २.० आवृत्तीची १,८०० कोटींची. अप्पर वर्धा धरण तुडुंब भरलेलें असलें तरी घरची तोटी अर्ध्या इंचाची असेल, तर बादली आपल्या वेळेनेंच भरावयाची. येथें धरणहि निर्दोष, बादलीहि निर्दोष; दोष मधल्या नळाचा.

मग सुईपासून आरंभ झाला. प्रथम 'प्रीमियम हाय स्पीड' अशी खूण असलेली नवी केबल कांहींशे रुपयांस आणली. नंतर संगणकाचें माहितीपत्रक वाचलें. कांहीं यंत्रांना दोन खिडक्या असतात, पण पूर्ण वेग एकींतूनच मिळतो. २०१९ सालीं निघालेल्या 'रास्पबेरी पाय ४' ह्या छोट्या संगणकांत वीजजोडणीशेजारची खिडकीच घ्यावी लागते, आणि ६० चा वेग मिळण्यास सेटिंगमध्यें एक ओळ लिहावी लागते. आमच्या यंत्राचीहि तीच तऱ्हा निघाली. केबल चुकीच्या खिडकींत होती. तिसरी गोष्ट, सेटिंगमध्यें गति पुनः ६० वर नेली. शेवटीं अक्षरांचें प्रमाण दोनशें टक्के केलें. त्यामुळें अक्षर पूर्वीएवढेंच मोठें राहून त्याच्या घडणीस चौपट बिंदू मिळाले. ज्या यंत्राच्या अंगीं मुळांतच एवढी शक्ति नाहीं, त्याला मात्र कोणतीहि केबल तारणार नाहीं. म्हणून पडदा घेण्यापूर्वींच माहितीपत्रक वाचावें.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर दादा पडद्यापुढें बसले. तळचा एक पाठभेद त्यांनीं मोठ्यानें वाचला, थांबले, आणि नातवास म्हणाले, "अनुस्वार आहे रे! मी इतके दिवस चुकीचें वाचीत होतों." भिंग तसेंच टेबलावर राहिलें. वहिनींनीं न सांगतां पोराच्या पुढ्यांत खिरीची दुसरी वाटी ठेवली.

आम्ही त्याची क्षमा मागितली. वडीलधाऱ्यांनीं लहानांची क्षमा मागूं नये असें कोणी म्हणेल. आम्हांस तें पटत नाहीं. घरांत कांहीं बिघडलें कीं आपण आधीं सर्वांत महाग वस्तूस आणि सर्वांत लहान माणसास दोष देतों. त्यापूर्वीं मधली केबल एकदां तपासून पाहावी, एवढेंच ह्या महिन्यांत सांगावयाचें होतें.