बंधाऱ्याआधी मर्यादवेल

पावसाळ्यातलं उधाण ओसरलं की कोकण किनाऱ्यावरच्या गावागावांतून मागणी होते: धूपप्रतिबंधक बंधारा बांधा. माडांची मुळं उघडी पडलेल्या बागायतदाराची काळजी खरी आहे. घरांच्या पायरीला लाटा लागतात, तिथे बंधाऱ्यावाचून इलाजही नसेल. पण पुळणीच्या माथ्यावर वाळूच्या टेकड्या शिल्लक आहेत, तिथे दगड ओतणं म्हणजे असलेलं संरक्षण आपल्याच हातांनी मोडणं आहे.

ही टेकडी वनस्पतींच्या जोरावर उभी राहते. वाऱ्याने उडालेली कोरडी वाळू जमिनीलगत पसरणाऱ्या मर्यादवेलीत अडकते. वेल गाडली गेली तरी नवी मुळं धरत वर येते आणि टेकडी उंचावत जाते. तिच्या आडोशाला काटेरी गवत, मागे केवडा आणि झुडपं रुजतात. उधाणात लाटा टेकडीचा पाया खातात, पण ती वाळू उथळ पाण्यात पसरते आणि पुढच्या लाटांचा जोर तिथेच मोडतो. समुद्र शांत झाला की बरीचशी वाळू किनाऱ्याला परत लागते. टेकडीत मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्याला थोपवतं, म्हणून समुद्रालगतच्या विहिरीही गोड्या राहतात.

दगडी बंधाऱ्यावर आदळलेली लाट माघारी जाताना पायथ्याची वाळू ओढून नेते. पुळण खचते आणि बंधारा संपतो तिथे शेजारच्या वाडीची धूप वाढते. भरतीरेषेच्या वर अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवाची वाटही अडते. कोकणातल्या वेळास गावात २००२ पासून ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने या कासवांची घरटी जपली. त्या कामाचा आधार मोकळी, कोरडी वाळूच आहे.

सागरी किनारा नियमनाच्या २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांनी वाळूच्या टेकड्यांना सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात ठेवलं आहे. तरी समुद्र दिसावा म्हणून त्या सपाट होतात, त्यांच्यावर गाड्या उभ्या राहतात.

ग्रामपंचायतींनी आपापल्या टेकड्यांच्या हद्दी आखाव्यात, गाड्या मागेच थांबवाव्यात, पर्यटकांसाठी लाकडी पायवाट करावी आणि उघड्या पडलेल्या जागी पावसाच्या तोंडावर मर्यादवेलीच्या कांड्या लावाव्यात. बंधाऱ्याच्या प्रस्तावात टेकडीची पाहणी नसेल, तर ग्रामसभेने तो परत पाठवावा.