पोकलेनची मोठी सर्व्हिस दिवाळीत उरका, मेमध्ये नको

प्रति,
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका
मा. जिल्हाधिकारी, पुणे (अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण)
आणि नालेसफाईची कामे घेणारे सर्व ठेकेदार

विषय : पावसाळापूर्व कामांवर जाणाऱ्या पोकलेनची नियोजित मोठी सर्व्हिस



पुण्यात नालेसफाईची चर्चा दरवर्षी मेच्या अखेरीस तापते आणि पहिल्या मोठ्या पावसात वाहून जाते. गाळ किती निघाला, कुठे टाकला, फोटो यंदाचे की गेल्या वर्षीचे, यावर सगळे बोलतात. तो गाळ काढणाऱ्या मशिनबद्दल कुणीच बोलत नाही. या मशिनच्या पोटात हात घालून ज्याने आयुष्यभर आपले पोट भरले, त्याने तरी बोलावे, म्हणून हे पत्र.

मागणी आधीच सांगून टाकतो; लांब पत्राचा शेवट साहेबांपर्यंत पोचतोच असे नाही. ओढ्या-नाल्यांत, नदीपात्रात किंवा आपत्तीच्या कामावर जाणाऱ्या प्रत्येक पोकलेनची २,००० तासांची सर्व्हिस दिवाळी ते जानेवारी या काळात झालेली असावी. तिची नोंद निविदेसोबत मागावी आणि तिचा खर्च दरात उघडपणे धरावा. एवढेच मागणे आहे.

पोकलेनचे वय तासांत मोजतात. केबिनमधला अवर मीटर इंजिन चालू आहे तोवर फिरत राहतो. बकेट हलो न हलो, ऑपरेटर टपरीवर चहाला गेला तरी तास चढतातच. कंपनीच्या पुस्तकात २५०, ५००, १,०००, २,००० तास असे टप्पे दिलेले असतात. कंपनीगणिक थोडाफार फरक, पण गणित तेच. एका पाळीत महिन्याला सुमारे २०० तास धरा. म्हणजे २,००० तासांची मोठी सर्व्हिस दहा महिन्यांनी येणार, आणि ती कधी येणार हे मालकाला कितीतरी आधी माहीत असते.

आता पुण्याचे गणित मांडतो. फेब्रुवारीअखेर एखाद्या मशिनच्या मीटरवर १,५०० तास आहेत. मार्च-एप्रिलमध्ये ४०० चढले, झाले १,९००. मेमध्ये मुदत जवळ येते, साहेबांचे फोन सुरू होतात, रात्रपाळी लागते, महिन्याचे तास दुप्पट होतात. म्हणजे मेच्या दुसऱ्या आठवड्यात, ऐन कामाच्या रेट्यात, मीटर २,००० ला टेकतो. त्या वेळी दोन दिवस मशिन उभे करून सर्व्हिस करणारा मालक मी फार क्वचित पाहिला. ‘एवढा पाऊस पडू दे, मग बघू’ हे आमच्या धंद्यातले ठरलेले वाक्य. महिनाअखेर मीटर २,३०० वर जातो, तेल तेच, फिल्टर तेच, आणि मशिन ओढ्याच्या मध्यात उभे राहते. मग त्याला ‘अचानक बिघाड’ म्हणतात. वर्षभर आधी तारीख कळलेल्या गोष्टीला अचानक कसे म्हणायचे?

पाऊस मात्र खरोखर तारीख सांगून येत नाही. एरवी तो पुण्यात जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास धरतो. २०२५ मध्ये तो २६ मेलाच दाखल झाला. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वेळ आहे असे धरून बसलेल्या प्रत्येकाचे दहा-बारा दिवस त्याने एका फटक्यात कापून टाकले. अशा वर्षी बंद पडलेल्या मशिनला भरपाईचा दिवस मिळत नाही.

मोठी सर्व्हिस म्हणजे तेल बदलून मशिन धुऊन काढणे, असा समज असेल तर तो काढून टाकायला हवा. इंजिनचे तेल आणि डिझेल फिल्टर हा त्यातला सोपा भाग. खरे काम हायड्रॉलिकचे असते. रिटर्न फिल्टर, पायलट फिल्टर, टाकीच्या तळची जाळी, टाकीचा श्वास घेणारा ब्रीदर. मुख्य पंपाचे आणि रिलीफ व्हॉल्व्हचे प्रेशर मीटर लावून तपासायचे. बूम, आर्म, बकेटचे सिलिंडर धरून ठेवतात की हळूहळू खाली बसतात ते पाहायचे. टर्न टेबलचे बोल्ट, पिन-बुशमधली ढिलाई, ट्रॅक चेन, रोलर, स्प्रॉकेट मापून घ्यायचे. होज पाइप फुटायची वाट न पाहता त्यांच्या वयानुसार बदलायचे. हायड्रॉलिक तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. त्यात सिलिकॉन जास्त आले तर बाहेरची धूळ आत शिरते आहे, तांबे वाढले तर पंपाच्या आतले भाग झिजताहेत. पंप आणि व्हॉल्व्हच्या आतली फट काही मायक्रॉनची असते; माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. डोळ्यांना न दिसणारी माती पंप खाते, आणि पंपाची दुरुस्ती लाखांत जाते. फिल्टर काही हजारांत मिळतो.

यातली एकच गोष्ट जवळून दाखवतो. ट्रॅव्हल मोटरच्या गिअरबॉक्सला, म्हणजे ट्रॅक फिरवणाऱ्या त्या मोठ्या गोल डब्याला, खाली एक ड्रेन प्लग असतो. नाल्यात राबलेल्या मशिनचा हा प्लग उघडला की पुष्कळदा काळसर तेलाऐवजी दुधाळ, भुरकट पाणीच आधी खाली येते. आपल्या ओढ्यांतला गाळ म्हणजे नुसती माती थोडीच? त्यात साड्या असतात, प्लॅस्टिकचे कागद, केबलची वेटोळी, गाद्यांचा काथ्या. हे सगळे स्प्रॉकेटमागे गुंडाळले जाते, सीलपर्यंत पोचते आणि ते कापते. सील कापले की सांडपाणी आत आणि तेल बाहेर. प्लगच्या टोकाला लोहचुंबक असेल तर त्यावर बारीक पोलादी भुकटी चिकटलेली दिसते. बोटांत चोळली की चुकचुकायला होते, कारण ती भुकटी म्हणजे गिअरचे दात असतात. या टप्प्यावर तेल आणि सील बदलले तर काम एका दिवसाचे. दुर्लक्ष केले तर गिअरबॉक्स जाम होतो, आणि २० टनी मशिन भैरोबा नाल्याच्या नाहीतर आंबील ओढ्याच्या पात्रात जागच्या जागी रुतते. ते बाहेर काढायला दुसरी पोकलेन लागते. ती कुठून येणार? दुसऱ्या नाल्यावरून.

बहुतेक कंपन्यांच्या पुस्तकात लिहिलेले असते की पाण्यात काम करताना पाणी वरच्या रोलरच्या मध्याच्या वर जाऊ देऊ नये, आणि बुडालेल्या पिनांना काम संपताच ग्रीस मारावे. आपल्याकडे ग्रीस पंप हेल्परच्या हातात असतो आणि रात्री अकरा वाजता हेल्पर दमलेला असतो. त्याला मी दोष देत नाही.

पुण्याची आणखी एक खास अडचण आहे. इथे जमीन जरा खणली की काळा कातळ लागतो. त्यामुळे नालेसफाईला येणारी कितीतरी मशिन हिवाळाभर बाणेर, हिंजवडी, वाघोलीकडे इमारतींच्या तळघरांसाठी ब्रेकर मारून आलेली असतात. ब्रेकरवर चाललेल्या मशिनचे हायड्रॉलिक तेल फार लवकर खराब होते. पुस्तकातही ब्रेकरसाठी तेल आणि फिल्टर बदलीचे तास बरेच कमी दिलेले असतात. पण एप्रिलमध्ये ब्रेकर उतरतो, बकेट चढते, मशिन रंगवल्यासारखे धुतले जाते आणि जुन्याच तेलावर नाल्यात उतरते. बाहेरून पाहणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याला काय कळणार?

हे नुसते पैशांचे नुकसान असते तर ‘मालक आणि त्याचे नशीब’ म्हणून मी गप्प बसलो असतो. २० टनी पोकलेनच्या पाइपांत तेलाचा दाब साडेतीनशे बारच्या आसपास जातो. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो, यावरून कल्पना यावी. जुन्या होजला सुईएवढे भोक पडले की तिथून निघणारी तेलाची धार हातमोजा आणि कातडी भेदून आत जाते. वरून फक्त एक ठिपका दिसतो. वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, कधी अख्खा हात जातो. गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी, हे कितीजणांना शिकवले आहे? आणि नाल्यात मशिन बंद पडले की दुरुस्ती तिथेच, बूम हवेत, फिटर त्याच्या खाली चिखलात, कडेला गाड्यांचे हॉर्न. वर्कशॉपमध्ये हेच काम सपाट फरशीवर, बूम जमिनीला टेकवून होते.

फुटलेल्या होजमधले तेल कुठे जाते तेही पाहा. अशा मशिनच्या हायड्रॉलिकमध्ये दोनशे लिटरच्या घरात तेल असते. ते ओढ्यातून मुठेत जाते. वापरलेले तेल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे, असे २०१६ चे घातक कचऱ्याचे नियम सांगतात. नाल्याच्या काठावर, अंधारात, पत्र्याच्या डब्यात केलेली तेलबदली हे नियम पाळूच शकत नाही. नदी सुधारायला एका हाताने पैसे द्यायचे आणि दुसऱ्या हाताने तिच्यात तेल सोडायचे, हे महापालिकेला शोभत नाही.

आता ठेकेदारांच्या बाजूने. सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला काम मिळते, आणि कमी दरात पहिली कात्री लागते ती न दिसणाऱ्या खर्चाला. मशिन पुष्कळदा ठेकेदाराचे नसतेच; मोशी-वाघोलीकडच्या एखाद्या मालकाकडून तासावर घेतलेले असते, त्या मालकाचा बँकेचा हप्ता चालू असतो. मशिन उभे म्हणजे हप्ता अंगावर. अशा माणसाला ‘देखभालीचे महत्त्व’ समजावून सांगणे म्हणजे त्याची थट्टा आहे. त्याला ते तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळते. त्याला सर्व्हिसचे पैसे हवेत आणि त्यासाठी मशिन उभे करायला मोकळे दिवस हवेत. निविदेत सर्व्हिस हा वेगळा दर म्हणून दाखवा, झाल्यावरच बिल द्या. चाकण-तळेगावच्या पट्ट्यात ह्युंदाई, सॅनी, जेसीबीचे कारखाने पोकलेन बनवतात; मशिन बनवणाऱ्या जिल्ह्याला मशिन राखण्याची पद्धत बसवता येऊ नये, हे मला पटत नाही.

मात्र एक चूक टाळा. ‘कंपनीच्या डीलरचाच शिक्का हवा’ अशी अट घालाल तर छोटे मालक बाहेर फेकले जातील, आणि उरलेले शिक्का तेवढा मिळवतील. भोसरीतला चांगला हायड्रॉलिक फिटर कुणापेक्षा कमी नाही. कागदाइतकेच मशिनकडे पाहा. साइटवर आल्यावर भरलेली बकेट उंच धरून इंजिन बंद करा आणि पाच मिनिटे घड्याळाकडे बघत उभे राहा. बूम किती खाली आली ते पट्टीने मोजा. मशिन रात्रभर उभे असेल तेव्हा सकाळी ट्रॅव्हल मोटरचा प्लग किंचित सैल करून थेंबभर तेल पाहा. अवर मीटरचा फोटो घ्या आणि तेलाच्या नमुन्याच्या अहवालावरचे तास त्याच्याशी ताडून बघा. अर्ध्या तासाचे काम आहे. मोटार वाहन विभागातला एखादा जुना मेकॅनिक हे डोळे झाकून करील. त्याला तेवढा अधिकार द्या.

जिल्हाधिकारी महोदयांना पत्रात ओढण्याचे कारण वेगळे आहे. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गेले, दीडशेवर माणसे गाडली गेली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत जे केले ते सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनीतले लोक विसरलेले नाहीत. शहर आणि परिसरात वीसहून अधिक जीव गेले. त्या पुराचा दोष मशिनवर टाकण्याचा माझा हेतू नाही. त्याची कारणे ओढ्याच्या रुंदीत, त्यातल्या बांधकामांत आणि त्या रात्रीच्या पावसात आहेत. पण अशा रात्रीनंतरच्या सकाळी पहिल्या दोन तासांत कोणती मशिन चालू होतील, याची यादी प्रशासनाकडे हवी, आणि त्या यादीत मालकाच्या फोन नंबरशेजारी शेवटच्या मोठ्या सर्व्हिसची तारीख व तास असावेत. फोन लागला आणि मशिन चालू झाले नाही, तर यादीचा उपयोग काय?

पुढच्या पावसाळ्याच्या नालेसफाईच्या निविदांचा मसुदा थोड्याच महिन्यांत टेबलावर येईल. सर्व्हिसची अट आणि तिचा स्वतंत्र दर त्यात डिसेंबरअखेर घालावा, म्हणजे मालकांना जानेवारी हाताशी राहील. फेब्रुवारीत घातलेली अट पुन्हा मेमध्येच पाळली जाईल, म्हणजे पाळली जाणार नाही.

कळावे,
एक निवृत्त सर्व्हिस इंजिनिअर
सहकारनगर, पुणे ९